कवडी, फिरंग आणि कुऱ्हाड

तुळजापूरच्या बाजारात परडीशेजारी कवड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. बालाघाटाच्या डोंगरात, समुद्रापासून इतक्या दूर, आराध्यांच्या गळ्यात समुद्राचेच लेणे! जवळच्या दुकानात तसबीर दिसते: आई भवानी शिवरायांना तलवार देते आहे. माझी नजर दर वेळी त्या पात्यावर खिळते, कारण मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पातीही समुद्रावरूनच आली.

नावच सांगते, फिरंग. लांब, सरळ पाते युरोपात घडायचे, गलबतातून आपल्या किनाऱ्याला लागायचे आणि मूठ इथला कारागीर चढवायचा. असे पाते उजेडात तिरके धरा. लांबीभर खोदलेल्या पन्हळी चमकतात. मुठीजवळ विळ्यासारख्या दातेरी कमानी, कुठे धावता लांडगा, कुठे रोमन अक्षरे. या खुणांना एवढा मान होता, की इथल्या लोहारांनीही त्या उठवल्या. म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये. पोलाद, पन्हळी, मूठ सगळे जुळले पाहिजे. इंग्लंडच्या युवराजाच्या १८७५-७६ च्या भारत दौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी त्याला दिलेली जगदंबा तलवारही अशाच युरोपी पात्याची.

पण मला सगळ्यांत भुरळ घालते ती युरोपी खलाशाची कुऱ्हाड. आंग्र्यांच्या आरमाराची माणसे तोफांनी शत्रूची शिडे-डोलकाठ्या मोडून, तलवारी उपसून त्याच्या जहाजावर चढत. युरोपी आरमारांत अशा वेळी तलवारींच्या जोडीला ही कुऱ्हाडही असे. एका बाजूला पाते, मागे अणकुचीदार चोच. पात्याने शत्रूचे दोर तोडायचे. चोच लाकडात रोवून जहाजाच्या बाजूवर चढायचे, आणि आपल्याच जहाजाला आग लागली तर जळते लाकूड त्याच चोचीने ओढून पाण्यात लोटायचे. एकाच लोखंडात हल्ला आणि बचाव!

ओळखताना दांडा आधी पाहा. अनेक कुऱ्हाडींत डोक्यापासून दोन लोखंडी पट्ट्या लाकडावर उतरून खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, म्हणजे घाव बसूनही दांडा सहज तुटत नाही. फसगत होते ती अग्निशामक दलाच्या जुन्या कुऱ्हाडींमुळे. त्यांनाही पाते आणि चोच असतेच, आणि त्या सर्रास आरमारी म्हणून विकल्या जातात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू घेताना १९७२ चा पुरावस्तू कायदाही ध्यानात असू द्या.

आणि गंज दिसला म्हणून लगेच घासायला बसू नका. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकाची बारीक खूण ठोकलेली असे. गंजाखाली ती नखाला लागते, आणि पॉलिश कागदाच्या चार फटक्यांत कायमची जाते.