वासाला शून्य गुण

नाशिक महापालिकेच्या पुष्पोत्सवातले गुलाब एव्हाना प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जाऊन बसले असतील. राजीव गांधी भवनात फोटो काढणारे पुष्कळ, वाकून वास घेणारे थोडे. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? बहुतेक फुलांना वासच नसतो. मोगलांनी ज्याला गुलशनाबाद म्हटलं आणि पेशव्यांनी पुन्हा नाशिक केलं, त्या गावात ही गत!

परसातला गावठी गुलाब वेगळा. गुलाबी, विस्कटलेला, आखूड देठाचा. सकाळी खुडला तर संध्याकाळी मान टाकणारा. गुलकंदाला मात्र तोच लागतो. आपल्याकडे 'एडवर्ड' म्हणतात तो याच गोतावळ्यातला. त्याची जन्मकथा अशी: हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, तेव्हाच्या बूर्बाँवर, कुंपणाला दमास्क आणि चिनी गुलाब शेजारी शेजारी लावत. 1817 च्या सुमारास तिथे त्यांचा संकर नजरेस पडला. दमास्ककडून सुगंध आला, चिनीकडून पुन्हा पुन्हा फुलण्याची खोड. ऑक्टोबरात छाटला की थंडीत झाड भरून येतं.

मग बाजारासाठी 'ग्लॅडिएटर' गुलाब आला, पॉलिहाउस आली, 'टॉप सिक्रेट' आला. लांब दांडा, घट्ट कळी, ट्रकचा प्रवास सोसणाऱ्या पाकळ्या. निवड याच गुणांची झाली आणि वास मागे पडला.

तो नेमका कुठे हरवला, हे 2015 मध्ये फ्रेंच संशोधकांनी 'सायन्स'मध्ये मांडलं आणि मला तो शोध भलताच आवडतो. त्यांनी घमघमणारा 'पापा मेयां' आणि जवळजवळ बिनवासाचा 'रूज मेयां' हे दोन गुलाब शेजारी ठेवून कोणती जनुकं जागी आहेत ते पाहिलं. गुलाबी सुगंधातलं जिरॅनिऑल तयार करायला मदत करणारं विकर निघालं न्यूडिक्स कुळातलं. या कुळातली कित्येक विकरं पेशीतला रासायनिक कचरा काढतात. म्हणजे अत्तराच्या कारखान्यात सफाई कामगाराचा भाऊबंद! बिनवासाच्या फुलात हे जनुक जवळपास झोपलेलं असतं.

शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. वासाचे पैसे त्याला देतो कोण? प्रदर्शनांनी तरी वासाची कदर करावी. अमेरिकन रोझ सोसायटीच्या 100 गुणांच्या तक्त्यात आकाराला 25, रंगाला 20, दांडा-पानांना 20 गुण असतात. सुगंधाला एकही नाही. गुलशनाबादला हा हिशेब बदलायचा हक्क आहे. पुढच्या पुष्पोत्सवात एक गट गावठी गुलाबांचा ठेवा आणि परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा.