मान आखडली, पण मूळ कानात?

चक्कर येणाऱ्याची मान आखडलेली दिसली की दोष मणक्याला दिला जातो. पण कार्यकारणाची वाट उलटीही असू शकते. आतल्या कानातील तोलाची इंद्रिये मानेच्या स्नायूंशी मज्जातंतूंनी जोडलेली असतात. १९९२ मध्ये कोलबॅच आणि हॅल्माग्यी या संशोधकांनी दाखवले, की कानात मोठा ‘टिक्’ आवाज केल्यावर ताणलेला मानेचा स्नायू सुमारे १३ मिलिसेकंदांत क्षणभर सैलावतो. तोलाची नस कापलेल्यांत हा प्रतिसाद नाहीसा होतो. ऐकू न येणाऱ्या, पण तोलाचे इंद्रिय शाबूत असलेल्यांत तो टिकतो. म्हणजे आज्ञा तोलाच्या इंद्रियाचीच. पुढे चावण्याच्या स्नायूतही असाच प्रतिसाद नोंदवला गेला.

आक्षेप असा, की क्षणिक प्रतिसादावरून कायमची आखडण सिद्ध होत नाही. भोवळीच्या भीतीने माणूस मान ताठ धरतो, एवढेच. हे खरे मानले, तरी त्या साखळीची पहिली कडी कानच ठरते. याच्या उलट दिशेचा दावाही झाला होता: १९३४ मध्ये कॉस्टेन या डॉक्टरांनी जबड्याच्या सांध्यामुळे कानाची लक्षणे उद्भवतात असे मांडले. त्यांनी दिलेले शरीररचनेचे कारण मात्र पुढे टिकले नाही. म्हणून मान शेकण्याबरोबर कानाच्या तोलाचीही तपासणी हवी.