व्हिनाइल फळ्यांचा हातकटर

व्हिनाइल फळ्यांचा हातकटर हे घरातील जमिनीवर बसवायच्या व्हिनाइल फळ्या विजेविना कापण्याचे हत्यार आहे. स्थिर बैठकीवर फळी ठेवून लांब दांडा खाली दाबला असता पाते खाली येते आणि फळी आडवी कापली जाते. या क्रियेत धूळ जवळजवळ उडत नाही व आवाजही कमी होतो. त्यामुळे राहत्या घरात काम करताना हे हत्यार सोयीचे ठरते.

फळ्यांचे प्रकार

गोंदाने चिकटवायच्या लवचीक फळ्या साधारणतः २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यांच्यासाठी हातकटर आवश्यक नसतो. पोलादी पट्टी धरून धारदार सुरीने वरच्या बाजूवर खोल रेघ ओढावी व फळी वाकवावी, म्हणजे ती रेघेवर तुटते. एकमेकींत अडकणाऱ्या कडक फळ्या बहुधा ४ ते ८ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यांपैकी 'एसपीसी' प्रकारच्या फळ्यांचा गाभा चुनखडीची भुकटी व पीव्हीसी यांचा असतो. अशा अनेक फळ्या सुरीने कापताना हात दमतो. तेथे कटरचा खरा उपयोग होतो.

निवडीचे निकष

* रुंदी : कटरची कापण्याची रुंदी फळीच्या रुंदीहून अधिक असावी. तिरक्या कापासाठी ती आणखी लागते. १८० मिलिमीटर रुंद फळी ४५ अंशांत कापताना कापाची लांबी सुमारे २५५ मिलिमीटर होते. २३० मिलिमीटरचा कटर तेथे अपुरा पडतो.
* जाडी व पदार्थ : कटर किती जाडीपर्यंत व कोणत्या पदार्थासाठी बनविला आहे, हे पाहावे. लवचीक व्हिनाइलसाठी पुरेसा असलेला कटर एसपीसीसाठी पुरेसा असेलच असे नाही.
* पाते : दगडी भुकटीमुळे धार लवकर बोथट होते. म्हणून पाते बदलता किंवा धार लावता येणारे असावे.
* काटकोन : कटरची आधारपट्टी गुण्या लावून तपासावी. ती किंचित तिरपी असली तरी सांध्यांत फट दिसते.

मर्यादा

हातकटरने फळी आडवी कापता येते, लांबीच्या दिशेने उभी चिरता येत नाही. भिंतीलगतच्या शेवटच्या ओळीसाठी उभा काप, तसेच दाराच्या चौकटीभोवतीचे खाचेचे आकार यांसाठी सुरी किंवा जिगसॉ लागतेच. काम एकाच लहान खोलीचे असल्यास कटर विकत घेण्याऐवजी भाड्याने मिळतो का, हे पाहणे किफायतशीर ठरते.

वापर

प्रथम टाकाऊ तुकड्यावर काप करून पाहावा. कापलेली कड भिंतीकडे ठेवल्यास ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. कडक फळ्या उष्णतेने प्रसरण पावतात. त्यामुळे भिंतीलगत उत्पादकाने सांगितलेली फट सोडूनच माप घ्यावे.

सुरक्षितता

पात्याखाली बोटे जाणार नाहीत अशा रीतीने फळी धरावी व काम संपल्यावर दांडा अडकवून ठेवावा. १९८० पूर्वीच्या काही व्हिनाइल फरश्यांत व त्यांच्या गोंदात ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून अशी जुनी फरशी तपासणी करून घेतल्याशिवाय कापू, खरवडू वा घासू नये.