कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ आणि राज्याचे देणे

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारातील शिक्षणमंत्री आणि कृषिमंत्री या दोघांनी मिळून सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे धाडली. त्या राज्यांमध्ये कृष्णवर्णीयांसाठी म्हणून स्थापन झालेल्या सार्वजनिक विद्यापीठांना त्यांच्या बरोबरीच्या विद्यापीठांपेक्षा तीन दशकांत किती कमी पैसा मिळाला, याचा हिशेब त्या पत्रांत मांडलेला होता. सोळा राज्यांची बाकी एकत्र केली, तर ती १,२०० कोटी डॉलरांच्या वर जात होती. त्यांतील सर्वांत मोठा आकडा टेनेसी राज्याच्या नावावर होता : सुमारे २१० कोटी डॉलर. या पत्राला सात महिने होण्याच्या आतच, मार्च २०२४ च्या अखेरीस, टेनेसीच्या विधिमंडळाने एक कायदा संमत केला. बाकी चुकती करण्याशी त्याचा संबंध नव्हता. ज्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचे हे देणे थकले होते, त्याचे विश्वस्त मंडळच त्या कायद्याने बरखास्त झाले आणि गव्हर्नरांनी नवे विश्वस्त नेमले.

ऋणकोने धनकोच्या घरचे कारभारी बदलावेत, असा हा प्रकार होता. राज्याची बाजू अगदीच पोकळ होती, असे मात्र नाही. राज्याच्या लेखातपासणी खात्याने विद्यापीठाच्या कारभारात खरे दोष दाखविले होते. वसतिगृहात जागा किती आहे, हे न पाहता प्रवेश दिले गेले होते, शिष्यवृत्त्या ऐपतीबाहेर वाटल्या गेल्या होत्या आणि विद्यार्थ्यांची सोय हॉटेलांत करावी लागली होती. दोष होते, पण ते दाखविणाऱ्याचे हात कितपत स्वच्छ होते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधू गेल्यास सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

दोन कायदे

१८६२ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, अमेरिकन काँग्रेसने मॉरिल कायदा केला. राज्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सदस्यामागे ३० हजार एकर सरकारी जमीन त्या राज्याला द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारे महाविद्यालय चालवावे, अशी ही योजना होती. उच्च शिक्षण धर्मोपदेशकांच्या आणि वकिलांच्या मुलांपुरते न राहता शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या घरांत गेले, ते या कायद्यामुळे. परंतु दक्षिणेतील राज्यांत गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्यांच्या मुलांना या महाविद्यालयांत प्रवेश नव्हता. १८९० साली दुसरा मॉरिल कायदा झाला. त्याने राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले. वर्णभेद न करता सर्वांना प्रवेश द्या. किंवा कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय काढा आणि अनुदानाची न्याय्य वाटणी करा. दक्षिणेतील राज्यांनी दुसरा पर्याय उचलला. त्या कायद्याखाली येणाऱ्या १९ संस्था आज अमेरिकेत आहेत.

‘न्याय्य’ या शब्दाचा अर्थ कोणी लावायचा, यातच सारी मेख होती. ज्यांनी भेद केला, त्यांच्याच हाती वाटणीचे माप राहिले. टेनेसीच्या विधिमंडळाने १९०९ साली शिक्षक तयार करणाऱ्या चार संस्था काढण्याचे ठरविले : तीन गोऱ्यांसाठी आणि एक कृष्णवर्णीयांसाठी. ही चौथी संस्था नॅशव्हिल शहरात १९१२ च्या जूनमध्ये २४७ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. विल्यम जास्पर हेल हे तिचे पहिले प्रमुख. ते ३१ वर्षे त्या पदावर होते.

संस्थेचे कार्य उघड होते. वेगळ्या शाळांना शिक्षक हवे होते, खेड्यापाड्यांत शेतीचे सुधारलेले ज्ञान पोचवायचे होते आणि घरात ज्यांच्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशांना पदवीपर्यंत न्यायचे होते. १९५१ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९५८ साली मॉरिल कायद्याखालील संस्थेचा पूर्ण दर्जा मिळाला.

दोन धनी

अशा विद्यापीठाच्या अध्यक्षाचे आसन मोठे विचित्र असते. त्याची नेमणूक राज्य करते, पैसा राज्य देते, आणि नाराजी झाली तर त्याला घरीही राज्यच पाठवू शकते. परंतु तो ज्यांच्यासाठी काम करतो, ते लोक त्या राज्यात दीर्घकाळ मतांनाही मोजले जात नव्हते. विधिमंडळासमोर त्याने मऊ बोलावे, तरच इमारतीला पैसा मिळणार. आणि वर्गात त्याने ताठ मानेने उभे राहावे, तरच विद्यार्थी त्याला आपला मानणार. अनुदानावर चालणारी संस्था ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या ओढाताणीची थोडीफार कल्पना असेल. टेनेसीत या ओढाताणीला वर्णाची धार होती.

वॉल्टर डेव्हिस हे १९४३ ते १९६८ या काळात अध्यक्ष होते. ते याच संस्थेचे माजी विद्यार्थी. संस्थेचे विद्यापीठ झाले ते त्यांच्या काळात. एड टेंपल या प्रशिक्षकाने घडविलेल्या धावपटू मुलींनी विद्यापीठाचे नाव जगभर नेले, तेही त्यांच्याच काळात. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेली विल्मा रुडॉल्फ १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकून परतली, तेव्हा आपल्या गावच्या स्वागत समारंभात गोरे आणि काळे वेगळे बसणार नाहीत, असा आग्रह तिने धरला. तिच्या गावात दोन्ही वर्णांच्या लोकांनी एकत्र येऊन केलेला तो पहिलाच समारंभ ठरला.

त्याच वर्षी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी दुकानांतील उपाहारगृहांत शांतपणे बसून वर्णभेदाला आव्हान दिले. या चळवळीचा एक धागा नागपूरपर्यंत येतो. विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण देणारे जेम्स लॉसन हे १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करीत होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला आणि परतल्यावर नॅशव्हिलमध्ये वर्ग घेतले. अपमान कसा सोसावा, मार खाऊन हात कसा उगारू नये, याचा तेथे सराव होई. फेब्रुवारी १९६० मध्ये सुरू झालेल्या या आंदोलनानंतर मे महिन्यात शहरातील दुकानांनी हार मानली. या सरकारी विद्यापीठाचे विद्यार्थीही आंदोलनात होते. खाजगी संस्थांतील विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचा धोका मोठा होता, कारण त्यांच्या संस्थेचा धनी राज्य होते.

तो धोका पुढच्याच वर्षी खरा ठरला. १९६१ च्या उन्हाळ्यात आंतरराज्य बसगाड्यांतील वर्णभेद मोडण्यासाठी निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’मध्ये या विद्यापीठाचे विद्यार्थी होते. मिसिसिपीत त्यांना अटक झाली. राज्याच्या शिक्षण मंडळाचा नियम पुढे करून त्यांतील १४ जणांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जो हक्क मान्य केला होता, तोच बजावण्याबद्दल त्यांना त्यांच्याच विद्यापीठाने शिक्षा केली. बाजू मांडण्याची संधी न देता विद्यार्थ्यांना असे काढता येत नाही, असा निवाडा त्याच वर्षी संघीय न्यायालयाने दिला. पण विद्यापीठाच्या नावावरचा डाग राहिला. डेव्हिस यांना दोष देणे सोपे आहे. राज्याचा आदेश धुडकावून ते दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर राहिले असते काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सोपे नाही.

न्यायालयाची पायरी

१९६८ साली राज्याच्या मुख्य विद्यापीठाने नॅशव्हिलमध्येच आपला विस्तार करायचे ठरविले. त्याच शहरात, राज्याच्याच पैशावर, दुसरे सार्वजनिक विद्यापीठ उभे राहिले, तर कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ कायमचे मागे पडणार, हे स्पष्ट होते. विद्यापीठातील रीटा सँडर्स या तरुण अध्यापिकेने गव्हर्नरांवर दावा लावला. तो जवळजवळ चार दशके चालला. १९७७ साली न्यायाधीश फ्रँक ग्रे यांनी गोऱ्यांची बहुसंख्या असलेली ती नॅशव्हिलची शाखा टेनेसी स्टेट विद्यापीठात विलीन करण्याचा आदेश दिला आणि १ जुलै १९७९ रोजी तो अमलात आला. अशा शाखेने कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात सामावून जावे, हे अमेरिकेत प्रथमच घडत होते.

परंतु न्यायालयाचा विजय म्हणजे तिजोरीचे दार उघडणे नव्हे. १९८४ च्या तडजोडीत टेनेसी स्टेटमध्ये निम्मे विद्यार्थी गोरे असावेत, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. भेदभाव राज्याने केला आणि त्याच्या निवारणाचे ओझे मात्र ज्या संस्थेने तो सोसला तिच्या माथी आले. खटला अखेर २००६ साली निकालात निघाला.

थकलेला हिशेब

दरम्यान दुसरा एक हिशेब धूळ खात पडला होता. मध्यवर्ती सरकार शेतीच्या संशोधनासाठी व प्रसारासाठी जे अनुदान देते, त्याच्या जोडीला राज्याने आपला वाटा घालायचा असतो. मुख्य विद्यापीठाला टेनेसी राज्याने तो दिला. टेनेसी स्टेटला तो वर्षानुवर्षे मिळाला नाही. १९७० च्या दशकात हॅरल्ड लव्ह या विधिमंडळ सदस्याने ही थकबाकी शोधून काढली होती. कोणी ती मनावर घेतली नाही. पुढे त्यांचे चिरंजीवही त्याच विधिमंडळात निवडून आले आणि वडिलांचा धागा त्यांनी पुन्हा हाती घेतला. २०२१ साली विधिमंडळाच्याच, दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून बनलेल्या समितीने कबूल केले की, १९५७ ते २००७ या काळातील थकबाकी १५ कोटींपासून ५४ कोटी ४० लाख डॉलरांपर्यंत असावी. २०२२ साली राज्याने विद्यापीठाच्या इमारतींसाठी आणि मूलभूत सोयींसाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले. २०२३ च्या मध्यवर्ती सरकारच्या पत्रातील हिशेब याहून व्यापक होता. दर विद्यार्थ्यामागे दोन विद्यापीठांना मिळालेल्या पैशातील तफावत त्यात मोजली होती.

या काळात विद्यापीठाच्या अध्यक्षपदी ग्लेंडा ग्लोव्हर होत्या. त्या तेथीलच पदवीधर आणि या पदावर आलेल्या पहिल्या महिला. २०१३ पासून त्यांनी विद्यापीठाचा विस्तार केला आणि आधी जाहीर केल्याप्रमाणे २०२४ च्या जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर विद्यापीठाची आर्थिक स्थिती इतकी ढासळली की, नोकरकपात करावी लागली. २०२५ साली राज्याशी करार होऊन, इमारतींसाठी मिळालेल्या रकमेतील सुमारे ९ कोटी ६० लाख डॉलर रोजच्या खर्चाकडे वळविण्याची मुभा मिळाली. छपरासाठी आलेला पैसा अखेर चुलीसाठी लागला.

जाब कोणी कोणाला द्यावा

आता सर्वच विद्यापीठांची दारे सर्वांना मोकळी आहेत. मग कृष्णवर्णीयांचे वेगळे विद्यापीठ कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्यात एक गैरसमज आहे. टेनेसी स्टेटचे दारही सर्वांना उघडे आहे. तिचे वेगळेपण कातडीच्या रंगात नसून तिने पत्करलेल्या कामात आहे. ज्याची शाळा बेताची होती, ज्याच्या घरी पैसा नाही, ज्याला अर्ज कसा भरावा हे सांगणारे कोणी नाही, त्याला हाताशी धरून पदवीपर्यंत नेण्याचे ते काम आहे. निवडक गुणवंतांना शिकविण्यापेक्षा या कामाला खर्च अधिक येतो. प्रत्यक्षात पैसा मात्र तेथेच कमी पोचला.

नेतृत्वाच्या चुकांवर यामुळे पांघरूण पडत नाही. जेवढ्या खाटा आहेत, तेवढ्याच विद्यार्थ्यांना घरापासून दूर बोलवावे, हा साधा व्यवहार आहे. जो विद्यार्थी मोठ्या आशेने येतो आणि ज्याला वसतिगृहाऐवजी हॉटेलची खोली मिळते, त्याचे नुकसान इतिहासाच्या दाखल्यांनी भरून येत नाही. सार्वजनिक पैशाचा जाब विचारण्याचा अधिकारही लोकनियुक्त विधिमंडळाला आहेच. परंतु वसतिगृह अपुरे का पडले, हा प्रश्न त्या एका वर्षाच्या कारभारापाशी थांबत नाही. तो अर्धशतकाच्या थकबाकीपर्यंत जातो. ज्याने पन्नास वर्षे आपला वाटा दिला नाही, त्याने एका वर्षाच्या उधळपट्टीवर बोट ठेवून साऱ्या विश्वस्तांना घरी पाठवावे, हा न्याय एकतर्फी आहे. विश्वस्तांनी विद्यार्थ्यांना जाब द्यावा, हे योग्यच. पण त्याच टेबलावर राज्यानेही आपली वही उघडून ठेवली पाहिजे.

१९६१ साली काढून टाकलेल्या त्या १४ विद्यार्थ्यांना २००८ साली सन्माननीय पदव्या देण्याचे ठरले. आधी नकार देऊन मग राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने तो निर्णय फिरविला होता. चूक मान्य करायला ४७ वर्षे लागली. पैशाच्या बाबतीतही कबुलीची पहिली पायरी २०२१ च्या समितीने ओलांडली आहे. पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष परतफेड. ती होईल तेव्हा तेथील अध्यक्षाला विधिमंडळात याचक म्हणून नव्हे, तर हक्काने उभे राहता येईल, आणि मगच त्याच्या कारभाराचे मूल्यमापन खऱ्या अर्थाने करता येईल.