मोटारीचे हेडलाइट : बल्ब बदलण्यापूर्वी वायरिंग समजून घेऊ

वर्धा जिल्ह्यात रात्रीचा मोटारप्रवास आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. नागपूर–तुळजापूर महामार्ग सेलू, वर्धा, देवळी यांना जोडतो. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून गेला आहे. वसतिगृहातील मुलांना भेटून रात्री गावी परतणाऱ्या अनेक पालकांजवळ आज स्वतःची गाडी आहे. मात्र मुख्य रस्ता सोडून आर्वी किंवा हिंगणघाटकडील गावरस्त्याला लागताच अंधार दाटतो. कापसाच्या हंगामात त्याच रस्त्यावर मागे दिवा नसलेली बैलगाडी असते, सायकलस्वार असतो, शेतातून परतणारे मजूर असतात. कंपनीने दिलेला प्रकाश अपुरा वाटून बाजारातील अधिक वॅटचे बल्ब बसवून घेण्याकडे कल होतो, तो यामुळेच. त्यामागचे विज्ञान वाचकांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम साधे गणित पाहू. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. प्रचलित हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट. वॅटला व्होल्टने भागले की विद्युतप्रवाह मिळतो. ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर प्रवाह घेतात. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपिअर. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच मूळ तारेत ती सुमारे पावणेतीन पट होते. होल्डर वितळणे, स्विच जळणे आणि प्रसंगी गाडीला आग लागणे यांचे मूळ येथे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, मंद प्रकाशाचा दोष पुष्कळदा बल्बचा नसतो. अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून दिव्यापर्यंत येतो. लांब व बारीक तार आणि गंजलेले जोड यांत व्होल्टेज घटते. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्के घटले, तर प्रकाश सुमारे ३० टक्के कमी होतो. यावर उपाय म्हणजे रिले.

रिले हा विजेने चालणारा स्विच होय. मूळ वायरिंगमधला अत्यल्प प्रवाह त्यातील वेटोळ्याला चुंबक बनवतो आणि तो चुंबक मोठ्या प्रवाहाची वाट उघडतो. रिलेवर चार आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी जाड तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी तार. ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके. अप्पर आणि डिपर यांसाठी स्वतंत्र रिले लागतात. ६०/५५ वॅटच्या जोडीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा ठरतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, कारण त्याच्या अलीकडच्या तारेला कोणतेच संरक्षण नसते. अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर घट्ट बसवावी. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूने असतो. म्हणून टेस्टरने तपासल्याशिवाय जोडणी करू नये. मूळ तारा कापण्याऐवजी कपलरने जोडता येणारे तयार वायरिंग घेणे श्रेयस्कर.

यानंतर प्रश्न येतो समोरच्याचा. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात भलताच एलईडी बल्ब बसवला, तर प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी इतस्ततः विखुरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे समोरच्या दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. ही उंची साधारणपणे उभ्या माणसाच्या डोळ्यांची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्येही वाहनातील फेरफारांवर बंधने आहेत.

तेव्हा आमची वाचकांना विनंती अशी. आधी काच स्वच्छ करावी, जोड व अर्थिंग तपासावे, मूळ वॅटचाच बल्ब ठेवून रिले बसवावा. मग सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची रेषा दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर खाली उतरते का, ते पाहावे. मागे माणसे आणि डिकीत मुलांच्या पेट्या भरल्या की गाडीचे नाक वर उचलले जाते व झोतही वर जातो. अशा प्रवासापूर्वी ही तपासणी अवश्य करावी. आपल्याला बैलगाडी दिसावी आणि गाडीवानालाही रस्ता दिसत राहावा, इतका प्रकाश पुरेसा आहे.