अस्वलाचा हल्ला, फाटलेला चेहरा आणि एआय

मोहफुलांच्या हंगामात आपल्या भद्रावतीकडच्या जंगलात भल्या पहाटे गेलेल्या माणसावर अस्वल धावलं, की पंजा बहुधा डोक्या-चेहऱ्यावरच बसतो. जीव वाचतो, पण नाक, ओठ, गालाचं हाड जातं.

जगातलं पहिलं अंशतः चेहरा प्रत्यारोपण अशाच जखमेवर झालं. २००५ साली, फ्रान्समधल्या आमियाँ शहरात. इझाबेल दिनुआर या बाईचे नाक, ओठ, हनुवटी कुत्र्याने तोडली होती.

चेहऱ्याच्या अशा शस्त्रक्रियांत आता एआयचं खरं काम ऑपरेशनआधीचं. सीटी स्कॅनच्या शेकडो चित्रांतून कवटीचं प्रत्येक हाड वेगळं काढायला माणसाला तासन्‌तास लागतात, एआय ते मिनिटांत करतं. मग शाबूत बाजूचं आरशातलं प्रतिबिंब तुटलेल्या बाजूवर बसवून डॉक्टर थ्रीडी प्रिंटरवर कवटीचा नमुना काढतात, हाडं जोडायची धातूची प्लेट आधीच त्यावर वाकवून ठेवतात. प्रत्यारोपण न करता चेहरा पुन्हा घडवतानाही हे सगळं चालतं, आणि आपल्या पेशंटांसाठी मला तेच जास्त मोलाचं वाटतं. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. मजुरी करणाऱ्याला ते कसं झेपावं?

त्यापेक्षा हल्लाच टळलेला बरा, आणि तिथंही एआय कामी येतं. ताडोबालगतच्या सीतारामपेठेत वाघ दिसताच गावाला सावध करणारे एआय कॅमेरे लागलेत. मोहाच्या दिवसांत अस्वलांसाठीही तशी सोय व्हायलाच हवी.