काम की प्रकल्प?

यादीतलं ‘पासपोर्ट’ आठवडेच्या आठवडे तसंच का राहतं? कारण ते एक काम नसून अनेक कामांचं गाठोडं असतं. ते सोडवण्याची पद्धत अमेरिकी सल्लागार डेव्हिड ॲलन यांनी ‘गेटिंग थिंग्ज डन’ (२००१) या पुस्तकात मांडली.

● प्रकल्प : एकाहून अधिक पायऱ्या लागणारं कोणतंही काम, मग ते घराचं रंगकाम असो वा मुलाची मुंज.

● पुढची कृती : प्रत्येक प्रकल्पापुढे लगेच करता येईल असं एकच पाऊल लिहा. ‘पासपोर्ट’ नव्हे, ‘जन्मदाखला शोधणे’.

● दोन मिनिटं : तेवढ्यात उरकणारं काम यादीत न घालता तिथल्या तिथे हातावेगळं करा.

● अडलेली कामं : सुतार, बँक, सोसायटीचं पत्र अशी दुसऱ्यावर अवलंबून असलेली कामं वेगळ्या यादीत.

● आढावा : आठवड्यातून एकदा सगळ्या याद्या चाळा.

लिहायचं कशाला? पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली अधिक आठवतात, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झाइगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडला. ती टोचणी डोक्यात बाळगण्यापेक्षा वहीच्या हवाली केलेली बरी.